कंपनीचं गोदाम आमच्या गाडीवर: उद्यमबाग ते चाकण, एका खेपेचं प्रकरण

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून पुण्याजवळच्या चाकणला गेलेल्या एका सहाचाकी गाडीची ही हकीकत आहे. गाडीत साधारण दहा टन कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, होतं आणि जायचं अंतर होतं सुमारे ३७० किलोमीटर. गाडी शनिवारी रात्री भरून निघाली, रविवारी सकाळी चाकणला पोचली आणि मंगळवारी दुपारी खाली झाली. परतीचं भाडं शोधून ती बेळगावात आली तेव्हा गुरुवार मावळला होता. वाटेत अपघात झाला नाही, टायर फुटला नाही, पोलिसांनी अडवलं नाही, ड्रायव्हरनेही कुठे टाळाटाळ केली नाही. तरीही ही खेप मालकाच्या अंगावर पडली.

मी एका लहान फाउंड्रीचं, म्हणजे लोखंड ओतणाऱ्या कारखान्याचं, डिस्पॅच आणि बिलिंग बघतो, त्यामुळे या खेपेची चलनं, ई-वे बिल (मालवाहतुकीची सरकारी ऑनलाइन नोंद) आणि फोन माझ्याच हातून गेले. गाडीमालक शहराच्या दक्षिणेकडच्या एका गावातले. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. स्वतःच्या दोन गाड्या आहेत, एक पुतण्या चालवतो आणि दुसरीवर पगारी ड्रायव्हर आहे. त्यांचं, आमचं आणि चाकणच्या कंपनीचं नाव इथे देण्याची गरज नाही. उद्यमबाग, मच्छे आणि होनगा या इथल्या औद्योगिक भागांत अशी प्रकरणं नेहमी घडतात, आणि देशातले बहुतेक ट्रक असेच मोजक्या गाड्यांच्या लहान मालकांचे आहेत.

रस्ता

बेळगाव पुणे-बंगळूर महामार्गावर आहे. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ४, आताचा ४८. सुवर्ण चतुष्कोनात हा रस्ता चौपदरी झाला आणि सीमाभागाचा धंदाच बदलला. वंटमुरीचा घाट, निपाणीजवळचा तवंदी घाट, पुढे साताऱ्याकडचा खंबाटकी, एवढ्या चढणी सोडल्या तर भरलेली गाडी रात्रीतून पुण्याजवळ जाते. टोलनाके सहा: कर्नाटकात हत्तरगी आणि कोगनोळी, महाराष्ट्रात किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड शिवापूर. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यावर नाक्यांवरची रांगही बरीच आटली.

त्याहून मोठा फरक १ जुलै २०१७ ला पडला. जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके उठले. त्याआधी सीमेवर कागदांचा गठ्ठा घेऊन खिडकीपाशी रात्र काढणं हा ड्रायव्हरच्या कामाचाच भाग होता. आरटीओची तपासणी मागे राहिली, पण करासाठी गाडी उभी करणं संपलं. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल आलं. माल ५०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा असेल तर ते लागतंच.

चांगलं झालं ते चांगलं म्हणायला हवं. मामांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी क्लीनर म्हणून काम सुरू केलं. तेव्हा पुण्याची खेप म्हणजे काय असायची हे ते सांगतात, तेव्हा आजचा रस्ता किती मोठी गोष्ट आहे ते कळतं. जागतिक बँकेच्या लॉजिस्टिक्स निर्देशांकात भारत २०१८ साली ४४ वा होता, २०२३ मध्ये १३९ देशांत ३८ वा आला. ही सुधारणा खरी आहे, आमच्या दारातून ती रोज जाताना दिसते.

मग पैसे कुठे गेले?

शनिवार ते मंगळवार

त्या आठवड्याचं शेड्यूल, म्हणजे कुठला माल किती आणि कधी हवा ते, आम्हाला कंपनीच्या पोर्टलवर आलं होतं. त्यानुसार फेटलिंग (ओतलेल्या भागांची घासून साफसफाई) होऊन माल शनिवारी दुपारी तयार झाला, बिलं फाडली, ई-वे बिल काढलं. संध्याकाळी मामांची गाडी लागली. उद्यमबागेतून महामार्गावर जायचं म्हणजे खानापूर रोडने तिसऱ्या रेल्वे गेटच्या बाजूने शहर ओलांडायचं. दिवसा शहरात अवजड गाड्यांवर वेळेची बंधनं असतात, म्हणून गाडी रात्रीच हलते. गाडी निघाल्यानंतर, शनिवारी रात्री उशिरा, कंपनीने शेड्यूल बदललं. तीन जॉबपैकी, म्हणजे भागांपैकी, एकाची संख्या कमी केली आणि दुसऱ्याची तारीख पुढे ढकलली.

रविवारी सकाळी गाडी गेटवर पोचली. इनवर्ड, म्हणजे माल आत घेणं, बंद होतं. सोमवारी सकाळी नंबर लागला तेव्हा स्टोअरवाल्याने सांगितलं की बिलावरची संख्या आणि पोर्टलवरची संख्या जुळत नाही, गाडी आत घेता येणार नाही. पुतण्याचा मामांना फोन, मामांचा मला, माझा कंपनीच्या खरेदी विभागाला. तिथल्या माणसाने माल परत न्या असंही म्हटलं नाही आणि घेतो असंही म्हटलं नाही. "शेड्यूल ओपन झालं की घेऊ," एवढंच.

गाडी रस्त्याच्या कडेला लावली. चाकणच्या औद्योगिक भागात अशा गाड्यांच्या ओळीच्या ओळी असतात. दहा टन लोखंडावर झोपलेला माणूस तिथे सावली शोधतो, पाणी शोधतो, शौचालय शोधतो. मोठ्या कारखान्याच्या आत सगळं असतं. गेटच्या बाहेर, जिथे त्याचाच माल घेऊन माणसं दोन-दोन दिवस थांबतात, तिथे क्वचितच काही असतं. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. तो नियम चांगलाच आहे, पण उभ्या गाडीच्या ड्रायव्हरला आधी एक स्वच्छ संडास हवा असतो.

सोमवारी रात्री नवी अडचण उभी राहिली. ई-वे बिलाला मुदत असते. सुरुवातीला १०० किलोमीटरला एक दिवस होता, १ जानेवारी २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस झाला. ३७० किलोमीटरला दोन दिवस, आणि प्रत्येक दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपलेला धरायचा. शनिवारी काढलेलं बिल म्हणजे सोमवारी रात्री बारापर्यंतच चालणार. मुदत वाढवता येते, पण ती संपण्याच्या आधीच्या आठ तासांत किंवा नंतरच्या आठ तासांत. मामा स्वतः ई-वे बिलाच्या सरकारी पोर्टलवर नोंदलेले नव्हते, बिल आमच्या खात्यातून निघालेलं होतं, त्यामुळे मुदत आम्हीच वाढवायची. रात्री साडेदहाला मी ते केलं. पोर्टल कारण विचारतं: नैसर्गिक आपत्ती, कायदा-सुव्यवस्था, माल दुसऱ्या गाडीत भरणं, अपघात, इतर. ज्याच्यासाठी माल आणला तोच घेत नाही, असं कारण त्या यादीत नाही. ‘इतर’ निवडलं.

मुदत संपलेल्या बिलासह गाडी तपासणीत सापडली तर काय होतं, हे प्रत्येक गाडीमालकाने समजून घ्यायला हवं. जीएसटी कायद्याच्या कलम १२९ मध्ये १ जानेवारी २०२२ पासून बदल झाला. मालाचा मालक पुढे आला तर दंड कराच्या दुप्पट. लोखंडी कास्टिंगवर कर १८ टक्के, म्हणजे दंड मालाच्या किमतीच्या ३६ टक्के. नऊ लाखांचा माल धरला तर सव्वातीन लाखांच्या आसपास. गाडी नंबरमधला एखादा आकडा चुकणं, पत्त्यातली किरकोळ चूक, अशा बाबींना १,००० रुपयांत सोडावं असं परिपत्रक सप्टेंबर २०१८ मध्ये निघालं आहे, पण मुदत संपणं त्या यादीत बसत नाही. वर्षानुवर्षं प्रकरण लढवून दंड माफ करून घेणारे आहेत. दोन गाड्यांचा मालक मात्र गाडी अडकवून लढू शकत नाही.

मंगळवारी सकाळी शेड्यूल उघडलं. दुपारी गाडी खाली झाली. माल मिळाल्याच्या पोचेवर शिक्का मिळाला, त्यात आत येण्याची वेळ मंगळवारची होती. रविवारी सकाळपासून गाडी तिथे होती, याचा कंपनीच्या कागदावर कुठेही मागमूस नाही.

हिशेब

मामांचा हिशेब समजावा म्हणून गोल आकड्यांत मांडतो. भाडं हंगामाप्रमाणे वर-खाली होतं, डिझेलचा दर बदलतो, पण प्रमाण असंच राहतं.

जायचं भाडं २०,००० धरा आणि दलालाचं कमिशन वजा जाऊन परतीचं ९,०००. एकूण २९,०००. येऊन-जाऊन ७४० किलोमीटर, लिटरला पाच किलोमीटर पडलं तर १४८ लिटर डिझेल, ९० रुपयांनी १३,३२०. टोल दोन्ही बाजूंचा ३,५०० च्या घरात. ड्रायव्हरचा भत्ता, हमाली, ताडपत्री-दोर, वाटेतला किरकोळ खर्च मिळून ३,०००. हातात उरतात ९,१८०.

आता गाडी उभी असो वा पळत असो, जे लागतंच ते. बँकेचा हप्ता, विमा, नॅशनल परमिट आणि रोड टॅक्स, ड्रायव्हरचा पगार, टायर-दुरुस्तीसाठी बाजूला टाकायचे पैसे. महिन्याला ७५,००० धरले तर दिवसाला २,५००. खेप तीन दिवसांत झाली तर ७,५०० गेले, १,६८० राहिले. तीच खेप सहा दिवस चालली तर १५,००० गेले, म्हणजे ५,८२० चं नुकसान.

या दोन आकड्यांमध्ये रस्त्याचा काहीही दोष नाही. डिझेल तेवढंच जळलं, टोल तेवढाच गेला. फरक पडला फक्त उभं राहण्याने. मामा आपल्या शब्दांत म्हणाले, "गाडी पळालीय तोवर काय वाटत नाही, खरं उभारली की जीव वर-खाली हुतोय."

डिझेलचं म्हणाल तर सीमाभागाला एक आधार होता. कर्नाटकात डिझेल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त असायचं, त्यामुळे निपाणी-कोगनोळीच्या पंपांवर एमएच पासिंगच्या गाड्यांची गर्दी असायची, आणि आमच्या गाड्या इथूनच टाकी भरून निघायच्या. जून २०२४ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने डिझेलवरचा कर वाढवला आणि तो फरक बराचसा गेला. त्या एप्रिलमध्ये राज्यातल्या लॉरीमालकांनी संपही पुकारला. मामांनी गाड्या उभ्या केल्या. मागणी पटली होती, पण हप्त्याला संप कळत नाही.

गोदाम कुणाचं

या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो. मोठ्या वाहन कंपन्यांनी आणि त्यांना सुटे भाग देणाऱ्या बड्या कारखान्यांनी मालाचा साठा ठेवणं कमी केलं. लागेल तेव्हा, लागेल तेवढाच माल मागवायचा. साठ्यात पैसा अडकत नाही, जागा लागत नाही, ताळेबंद सुटसुटीत दिसतो. व्यवस्थापनाच्या दृष्टीने यात काही वावगं नाही. पण मागणी तर रोज हलते. ती हलली की कुठेतरी माल थांबायलाच हवा. आत गोदाम नाही, म्हणून तो गेटबाहेर थांबतो, मामांच्या गाडीवर, मामांच्या हप्त्यावर, त्यांच्या पुतण्याच्या झोपेवर. कंपनीने साठवणुकीचा खर्च वाचवला असं आपण म्हणतो. तो वाचलेला नाही, साखळीतल्या सगळ्यात लहान माणसाकडे सरकवलेला आहे, आणि त्याच्याकडे त्याचं बिल फाडायला कागद नाही.

देशाच्या लॉजिस्टिक्स खर्चाबद्दल बरीच चर्चा झाली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या १३-१४ टक्के खर्च वाहतूक-साठवणुकीवर जातो, असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण आलं तेव्हाही हा आकडा पुढे होता. मग एनसीएईआर या संस्थेने पद्धतशीर मोजणी केली. डिसेंबर २०२३ च्या अहवालात २०२१-२२ साठी ७.८ ते ८.९ टक्के असा अंदाज आला आणि पुढच्या मोजणीत २०२३-२४ साठी ७.९७ टक्के. मोजणी सुधारली हे उत्तमच झालं. माझा मुद्दा एवढाच की बिल फाटतं तो खर्च मोजता येतो. चाकणच्या गेटबाहेरचे दोन दिवस कुणाच्याच वहीत खर्च म्हणून चढत नाहीत. मामांच्या वहीत ते नफा कमी म्हणून दिसतात आणि कंपनीच्या वहीत दिसतच नाहीत.

२०१८ च्या जुलैमध्ये केंद्राने ट्रकचं मंजूर एकूण वजन वाढवलं. दोन ॲक्सलच्या गाडीचं १६.२ टनांवरून १८.५ टन, तीन ॲक्सलचं २५ वरून २८.५. मालकांना वाटलं, चार पैसे जास्त मिळतील. पण माल तेवढाच आणि गाड्यांची क्षमता वाढलेली, म्हटल्यावर टनाचा दर दबला. फायदा माल पाठवणाऱ्याच्या पदरात गेला. त्यात आमची फाउंड्रीही येते, हे लिहायलाच हवं.

परतीचं भाडं

खाली झालेली गाडी मंगळवारी संध्याकाळी निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत गेली. बेळगावसाठी थेट भाडं नव्हतं. हुबळीचं होतं, पण मोठ्या गाडीसाठी. बुधवारचा दिवस तिथेच गेला. रात्री गोकुळ शिरगावसाठी अर्धवट भार मिळाला. गुरुवारी तो उतरवला आणि शेवटचे शंभरेक किलोमीटर, कोगनोळी, निपाणी, संकेश्वर, हत्तरगी असं करत, गाडी रिकामी आली.

बेळगावातून माल जातो तो जड: कास्टिंग, मशीन केलेले जॉब, हायड्रॉलिकचे भाग, साखर, गूळ. पुण्याहून इकडे येतो तो बराचसा हलका आणि मोठ्या वाहतूक कंपन्यांच्या नेमक्या गाड्यांत बांधलेला. एकट्या मालकाला दलालाशिवाय परतीचा माल दिसत नाही. मोबाइलवर भाडं शोधण्याची ॲप आली आहेत, पुतण्या ती बघतोही. पण तिथेही दर पाडणारे शेकडो असतात आणि अनोळखी पार्टीचे पैसे बुडण्याची धास्ती असते.

गोव्याकडे याच्या उलट चित्र दिसत नाही. मामा आधी काही वर्षं भाजी न्यायचे. गोव्याची भाजी मोठ्या प्रमाणात बेळगावातून जाते, तिथलं सरकारी फलोत्पादन महामंडळही इथूनच खरेदी करत आलं आहे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत सीमा बंद झाल्या तेव्हा गोव्याच्या बाजारात भाजीचा तुटवडा पडला, तेव्हा या रोजच्या गाड्यांची किंमत लोकांना कळली. तिथेही जाताना गाडी भरलेली आणि येताना जवळपास रिकामीच. वर चोर्ल्याचा घाट, पावसाळ्यात खचणारा रस्ता, कुसमळीजवळच्या जुन्या पुलावरून अवजड गाड्यांना बंदी असायची, मग अनमोडचा वळसा. भाजी एक दिवस उशिरा गेली की ती भाजी राहत नाही. म्हणून मामा लोखंडाकडे वळले. लोखंड कुजत नाही, असं ते म्हणतात.

रेल्वे का नाही, असं बाहेरचे लोक विचारतात. मिरज-लोंढा मार्ग बेळगावातूनच जातो. पण दहा टनांसाठी रेल्वे नाही. मालगाडीला पूर्ण रेक, म्हणजे अख्ख्या गाडीभर माल, लागतो, आणि कारखान्यापासून स्टेशन, स्टेशनपासून कारखाना अशी दोनदा हमाली पडते. धारवाडला कित्तूरमार्गे थेट नेणाऱ्या नव्या लोहमार्गासाठी सुरेश अंगडींनी रेल्वे राज्यमंत्री असताना जोर लावला. सप्टेंबर २०२० मध्ये ते गेले, आणि काम भूसंपादनातच रेंगाळलं. एक जुनी गोष्ट इथे आठवते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगराचा कारखाना मुळात बेळगावातला. नगरपालिकेला जागा हवी होती म्हणून तो हलवावा लागला, आणि १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखाना कुठे तगेल हे माल कसा हलेल यावर ठरतं, हे बेळगावने शंभर वर्षांपूर्वी स्वतःच्या अंगणात पाहिलं आहे.

सीमा

बेळगावची गाडी म्हणजे केए २२ नंबरची. ड्रायव्हर घरात मराठी बोलतो, कागद कन्नडमध्ये असतात, माल महाराष्ट्रात जातो. एरवी याने काही अडत नाही. अडतं ते तणाव वाढला की. ६ डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगडफेक झाली, आणि त्याचे पडसाद पलीकडे कर्नाटकच्या वाहनांवर उमटले. दोन्हीकडच्या एसटी बंद झाल्या. त्या दिवसांत मामांनी गाड्या गावातच उभ्या ठेवल्या. काच फुटली तर विम्याचा दावा करता येतो, पण त्यात गाडी जितके दिवस दुरुस्तीला राहील त्याचं काय? सीमाप्रश्नावर माझं मत ठाम आहे, आणि तरीही दगडाखाली सापडतो तो ट्रकवाला कुठल्याच बाजूचा नसतो, हेही मी तितक्याच ठामपणे म्हणतो.

नदीलाही सीमा नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि कित्येक दिवस रस्ता बंद राहिला. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेनेही तेच केलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा. ट्रकांच्या रांगा मैलोनमैल लागल्या. एकच मोठा रस्ता असला की तो तुटल्यावर पर्याय उरत नाही.

हलगा-मच्छे बायपासबद्दल मामांना विचारलं तर ते लगेच बोलत नाहीत. तो झाला तर उद्यमबाग-मच्छेची गाडी शहरात न शिरता महामार्गाला लागेल, रात्रीची वाट बघावी लागणार नाही. पण तो ज्या जमिनीतून जातो ती वडगाव, शहापूर, येळ्ळूर, माजगाव, हलगा या भागातली काळी, पिकाऊ जमीन आहे. अर्धा-एक एकरवाले शेतकरी वर्षानुवर्षं त्यासाठी आंदोलनात आणि कोर्टात उभे आहेत. त्यांत मामांचे भाऊबंद आहेत. मामा एवढंच म्हणाले, "गाडी हप्त्याची हाय, रान बापाचं हाय." वाहतुकीचा वेग वाढवताना कुणाचं रान जातं, हा हिशेब आधी मांडायला हवा. सर्वेक्षण झाल्यावर मोबदल्याचा आकडा फेकून तो सुटत नाही.

काय केलं

खेप संपल्यावर आम्ही बसलो: फाउंड्रीचे मालक, मामा आणि मी. पहिला प्रश्न होता की उभं राहिल्याचे पैसे कोण देणार. वाहतूकदारांत हाल्टिंगची पद्धत जुनी आहे, पहिला दिवस सोडून पुढच्या प्रत्येक दिवसाला ठरलेली रक्कम. पण ती तोंडी असते आणि दुबळ्याला मिळत नाही. आम्ही ती बिल्टीवर, म्हणजे वाहतुकीच्या पावतीवर, छापली. पोचल्यापासून २४ तास मोफत, पुढे दिवसाला ठरलेली रक्कम. कंपनीने ती मान्य केली नाही. त्यांच्या खरेदीच्या अटींत असं कलमच नाही, असं उत्तर आलं. मग निम्मी रक्कम फाउंड्रीने द्यायची असं ठरलं. आमच्याही मार्जिनमधून ती जड जाते, पण गाडी आमच्याच मालासाठी उभी होती.

दुसरा प्रश्न पुराव्याचा. गेटवर आत येण्याचीच वेळ पडते. बाहेर किती वेळ होता हे कसं दाखवायचं? पुतण्यानेच उपाय काढला. फास्टॅगच्या खात्यात प्रत्येक नाक्यावरून गेल्याची वेळ येते. खेड शिवापूरची वेळ घ्यायची, त्यात पुण्याचा वळसा आणि चाकणपर्यंतचा प्रवास धरायचा, झाली पोचल्याची वेळ. सोबत गेटसमोर गाडीचा, वेळ-ठिकाण पडणारा फोटो. आता प्रत्येक पोचेला हे दोन्ही जोडून आम्ही कंपनीला मेल करतो. पैसे अजून मिळाले नाहीत. पण तिसऱ्या-चौथ्या मेलनंतर खरेदी विभागातून फोन येऊ लागला की शेड्यूल बदलतंय, गाडी भरू नका. लेखी नोंद झाली की समोरचा माणूस सावध होतो.

तिसरं, शनिवारी गाडी भरणं बंद केलं. चाकणचा माल आता रविवारी रात्री किंवा आठवड्याच्या मधल्या दिवशी निघतो, आणि ताडपत्री बांधण्याआधी पोर्टल पुन्हा बघितलं जातं. यात फाउंड्रीच्या आतली पाळी बदलावी लागली. फेटलिंगच्या कामगारांना ते आवडलं नाही, त्यांच्याशी वेगळं बोलावं लागलं.

चौथं म्हणजे मामांनी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, केली. एमएसएमई कायदा २००६ चा. त्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरात कलम ४३बी(एच) आलं, त्यामुळे मुदतीत न दिलेली रक्कम देणाऱ्याला ती प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच खर्च म्हणून दाखवता येते. हे पैसे वसूल करण्याचं सगळ्यात धारदार हत्यार आहे. अडचण अशी की मामांचं बरंचसं भाडं दलालामार्फत येतं, आणि नोंदणीचा नंबर बिलावर टाकला तर पुढचं भाडं मिळणार नाही अशी भीती असते. आमच्या फाउंड्रीच्या बिलांवर त्यांनी तो टाकला. दलालाच्या बिलांवर अजून नाही.

राहिलं परतीचं भाडं. गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या मशीन शॉपमध्ये लोखंडी बोरिंग निघतं, म्हणजे मशीनवर कापून पडलेला चुरा. आमच्या भट्टीला तो लागतो. आजवर तो आम्ही व्यापाऱ्याकडून, त्याच्या गाडीने घेतो. तोच माल थेट घेऊन मामांच्या परतीच्या गाडीत भरला तर शेवटचे शंभर किलोमीटर रिकामे जाणार नाहीत आणि पुण्याहून गोकुळ शिरगावपर्यंतचा भारही उपयोगी पडेल. एका फाउंड्रीला लागणारं बोरिंग एका गाडीला नियमित पुरत नाही, म्हणून शेजारच्या दोन फाउंड्रींशी बोलणं सुरू आहे. भंगाराच्या मालाला बिल चोख लागतं, १८ टक्के जीएसटी आहे, आणि खोट्या बिलांच्या प्रकरणांमुळे तपासणी कडक असते. त्यामुळे पुरवणारा नोंदणीकृत आहे का आणि त्याची विवरणपत्रं वेळेवर भरली जातात का, हे आधी बघावं लागेल. दोघांपैकी एक तयार आहे. दुसऱ्याचं म्हणणं, व्यापारी उधारीवर देतो, थेट घेतलं तर रोख द्यावे लागतील. त्या रोख रकमेची सोय तिघांत मिळून कशी करायची, यावर पुढची बैठक आहे, आणि मामांना तिला बोलावलं आहे.